आंब्याच्या बागेची स्वतःची वेबसाइट: कशी बांधावी, काय लिहावं?

कलमबाग

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी तालुक्यात पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. कलमं सासऱ्यांनी लावलेली, आता सगळं आम्ही नवरा-बायको बघतो. माल दोन वाटांनी जातो. बराचसा वाशी मार्केटला दलालाकडे, आणि थोडा पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या घरी थेट पेटीने. ही दुसरी वाट मोठी करायची आमची फार इच्छा आहे. वाशीला गाडी गेली की भाव तिथे ठरतो, दलालाच्या हिशेबाची पट्टी हातात येईल तेव्हा कळतं. घरी गेलेल्या पेटीचा दर आम्ही ठरवतो, आणि खाणारा माणूस फोन करून आंबा कसा निघाला ते सांगतो. त्या फोनाचं मोल निराळंच आहे.

आतापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. मार्च उजाडला की फोन सुरू होतात. पेटी कितीची, आंबा कच्चा येणार की पिकलेला, अढी कशी घालायची, साका (गरात आतून पडणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला तर काय, कर्नाटकचा तर नाही ना. बागेत तोड चालू असताना दिवसभर हीच उत्तरं द्यायची.

म्हणून वेबसाइट करायचं ठरवलंय. एका एजन्सीने दरपत्रक दिलंय. दहा पानं, वर सरकणाऱ्या फोटोंचा स्लायडर, पेमेंटची सोय, महिन्याला आठ ब्लॉग तेच लिहून देणार, आणि 'गूगलवर पहिला नंबर' याची हमी. रक्कम आमच्या मानाने मोठी आहे. एवढं सगळं लागतं का? ब्लॉग दुसऱ्याने लिहून दिलेला चालतो का? साइट मराठीत करावी की इंग्रजीत? ज्यांनी आपल्या धंद्यासाठी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. पाऊस चालू आहे, सध्या थोडा वेळ हाताशी आहे.

पिक्सेलपंत

कलमबागताई, मी पुण्यात वेबसाइट बनवण्याचंच काम करतो, बहुतेक छोट्या उद्योजकांसाठी. पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. अशी हमी कुणालाही देता येत नाही, आणि हे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवलं आहे.

तुमच्या वेबसाइटचा मजकूर तुम्ही वरच्या पोस्टमध्येच दिलेला आहे. फोनवर येणारे ते पाच प्रश्न. प्रत्येकाचं एक स्वतंत्र पान करा, आणि फोनवर ज्या शब्दांत उत्तर देता त्याच शब्दांत लिहा. लोक गूगललाही हेच विचारतात. 'हापूस अढी कशी घालावी' असं शोधणारा माणूस एक तर पेटी घेऊन बसलेला असतो, नाहीतर घेण्याच्या विचारात असतो. त्याला नीट उत्तर मिळालं तर तो खाली नंबर शोधतोच.

त्याशिवाय लागतं काय? मुखपृष्ठ, दर आणि मागणीचं पान, बागेची माहिती, संपर्क. बस. दहा पानांचा आग्रह धरला की रिकामी पानं भरायला 'आमचं ध्येय' आणि 'आमची दूरदृष्टी' लिहावी लागते, आणि ती पानं कुणीही वाचत नाही.

स्लायडर अजिबात नको. येणारी बहुतेक मंडळी फोनवरून येणार, त्यातली कितीतरी एसटीत किंवा लोकलमध्ये बसून, रेंज येत-जात असताना. पाच मोठे फोटो एकामागून एक उतरवत बसलेलं पान त्यांच्यासमोर उघडतच नाही. गूगलचा स्वतःचा निकष असा की पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो साधारण १२०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपी प्रकारात साठवला तर दीडदोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. एकच फोटो लावा, पण तुमच्या बागेचा, तुमच्या पेटीचा. इंटरनेटवरून उचललेला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा चकचकीत आंबा गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

आणि एक. हंगाम मार्चमध्ये असला तरी हे काम आत्ता, पावसातच करा. नव्या डोमेनवरची, म्हणजे साइटच्या नव्या पत्त्यावरची, पानं गूगलमध्ये नीट रुजायला काही महिने जातात. फेब्रुवारीत साइट काढून एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाची अपेक्षा धरू नये.

रीलवाली

पंतांचं म्हणणं तत्त्वतः पटतं, पण थोडं वेगळं सांगते. आम्ही साताऱ्यात गोधड्या शिवून विकतो, गावातल्या सात-आठ बायका मिळून. आमचा जवळजवळ सगळा धंदा इन्स्टाग्रामवरून चालतो. जुन्या नऊवारीतून गोधडी कशी तयार होते, धावदोरा कसा पडतो, हे एका मिनिटात दाखवलं की मागण्या येतात. वाचायला वेळ कुणाकडे आहे? ताई, तुमच्याकडे तर दाखवण्यासारखं केवढं आहे! मोहर, तोड, पेंढ्यात भरलेली पेटी. वेबसाइटच्या पैशात एक चांगला माईक आणि फोनचा स्टँड घ्या, असं मी म्हणेन.

कट्टेकरी

रीलवालीताई, रील करायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण सगळा धंदा परक्या जागेवर उभा करू नका, हे मी कळकळीने सांगतो. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या कितीतरी लोकांचा जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. त्याआधी ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर, म्हणजे गूगल मॅपवर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीबरोबर, फुकटात एक छोटी वेबसाइट बनवून मिळायची, हजारो दुकानदारांनी कार्डावर तोच पत्ता छापला होता. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या. यात कुणी कुणाला फसवलं नाही. जागा त्यांची होती, त्यांनी आवरली.

रील दोन-चार दिवस धावते आणि खाली जाते. 'साका का पडतो' हे नीट लिहिलेलं पान दर एप्रिलमध्ये पुन्हा वाचलं जातं. दोन्हींची कामं वेगळी आहेत. रीलखाली साइटचा पत्ता द्या, साइटवर रील लावा.

रीलवाली

हे मान्य. खातं अडकलं तर काय करायचं याचा विचार आम्हीही केला पाहिजे. निदान गिऱ्हाइकांचे नंबर वहीत उतरवायला उद्यापासून लागते.

मालवणी_न्याहारी

माझा मुद्दा कळीचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमचं तारकर्लीजवळ होमस्टे आहे. साइट एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतली. काम छान केलं, फोटो छान, पानं छान. पण डोमेन त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. आम्हाला ते कळलं तो फोन उचलेनासा झाला तेव्हा. नूतनीकरणाची तारीख उलटली, साइट बंद पडली, आणि ऐन दिवाळीच्या सुट्टीत गूगल मॅपवरून येणारा माणूस कोऱ्या पानावर पोचायला लागला. नाव आमचं, छापील पत्रकावर पत्ता आमचा, आणि मालकी त्याची. शेवटी नवं डोमेन घेऊन सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं.

ताई, डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलने, तुमच्या खात्यातून पैसे भरून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मग डिझायनरला फक्त जोडणीपुरता प्रवेश द्या. होस्टिंगचंही, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचंही, तसंच. गूगल बिझनेस प्रोफाइलचं मालकपद तुमच्याकडे, त्याला व्यवस्थापक करा. हे काम सोपवण्याच्या आधी करायचं. नंतर मागताना संबंध बिघडतात.

पिक्सेलपंत

+१. माझ्या धंद्यातला माणूस असूनही सांगतो, या बाबतीत डिझायनरवर विश्वास ठेवायची वेळच येऊ देऊ नका. मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून त्याच्याच फोनवर ओटीपी घेऊन डोमेन काढतो.

होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर विचारा. तो पुष्कळदा दुप्पट-तिप्पट असतो. सर्व्हर मुंबईतला मिळत असेल तर उत्तम. सुरक्षा प्रमाणपत्राचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप लावून देतात. ते नसेल तर क्रोम ब्राउझर पत्त्याशेजारी 'असुरक्षित' दाखवतो, २०१८ पासून.

साइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर करा. २००३ पासून चालू आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर आहेत, म्हणजे उद्या मी नसलो तरी रत्नागिरीतही कुणीतरी मिळेल. एखाद्याने स्वतःच्या घरच्या प्रणालीवर बांधून दिली तर तुम्ही त्याला बांधले जाता.

सिएटलकर

एका गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. मी अमेरिकेत असतो, आईबाबा पुण्यात. दर एप्रिलला त्यांच्याकडे पेटी पाठवतो. इकडे आंबा मागवायचा प्रश्न नाही. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत येतो, पण विकिरण करूनच (कीड मरावी म्हणून किरणांची प्रक्रिया), बागेतून थेट कुणी पाठवू शकत नाही. त्यामुळे माझ्यासारख्याला पेटी हवी असते ती भारतातल्या घरी.

मी बागायतदारांच्या साइट बघतो तेव्हा दोन गोष्टींवर अडतो. दर लिहिलेला नसतो, 'दरासाठी फोन करा' असतं. तुमची दुपार म्हणजे माझी मध्यरात्र. मी फोन करत नाही, पुढच्या साइटवर जातो. दुसरं म्हणजे पैसे. परदेशी कार्ड चालत नाही. पेपालने २०२१ मध्ये भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, पण परदेशातून भारतात पैसे येऊ शकतात. पेमेंट गेटवे (साइटवर कार्डाने वगैरे पैसे घेण्याची सेवा) घेणार असाल तर परदेशी कार्डाची परवानगी वेगळी मागावी लागते, ती आधीच मागून ठेवा. तोवर यूपीआय क्यूआर तरी साइटवर ठेवा. आमच्यापैकी अनेकांचं एनआरई खातं (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं बँक खातं) आहे आणि अमेरिकेतल्या नंबरवर यूपीआय सुरू करायची सोय २०२३ पासून झाली आहे.

आणि पेटी निघाली की एक फोटो पाठवा. त्या फोटोसाठी मी पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येईन.

कलमबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. मालवणी_न्याहारी, तुमचं वाचून काल रात्रीच डोमेन माझ्या नावाने घेतलं. एजन्सीला नकार कळवला आहे.

दर लिहायचा मुद्दा पटतो, पण अडचण आहे. दर हंगामात बदलतो. मार्चमध्ये जो असतो तो मेमध्ये नसतो, आणि फळाच्या वजनावरही असतो. पेटीत मोठं फळ चार डझन बसतं, लहान सहा-सात डझनही जातं. हे साइटवर कसं मांडायचं?

एजन्सीने ब्लॉगचा नमुना पाठवला होता, तो देते.

'आंबा हा फळांचा राजा मानला जातो. कोकणातील हापूस आंबा हा त्याच्या अद्वितीय चवीसाठी व मोहक सुगंधासाठी जगभरात प्रसिद्ध आहे. हापूस आंब्यामध्ये जीवनसत्त्व अ आणि क भरपूर प्रमाणात आढळतात.'

आणि हे मी काल लिहून बघितलं, अढीबद्दल.

'पेटी उघडल्यावर आंबे हिरवे दिसले तर काळजी करू नका. आम्ही चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने देठासकट उतरवतो आणि कच्चाच पाठवतो. घरी आल्यावर पेटीत ठेवू नका. वारा लागेल अशा खोलीत जमिनीवर भाताचा पेंढा पसरा, नसेल तर वर्तमानपत्र. त्यावर आंबे एका थरात लावा आणि वरून पुन्हा पेंढा घाला. रोज संध्याकाळी हात फिरवा. ज्याला वास सुटला आणि देठाजवळ किंचित मऊ लागला तो बाजूला काढा. सगळे एकदम पिकत नाहीत, आणि तेच बरं, नाहीतर घरात चार माणसांनी एवढे आंबे कधी खायचे? नुसत्या रंगावर जाऊ नका. साल थोडी सुरकुतली की गोडी पूर्ण उतरलेली असते. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो थंडीने बिघडतो आणि मग पिकतच नाही.'

हे चालेल का? एजन्सीच्या भाषेपुढे फार घरगुती वाटतंय.

पिक्सेलपंत

ताई, चालेल काय, हेच हवं! एजन्सीचा परिच्छेद बागेचं नाव बदलून कुठल्याही साइटवर चिकटवता येतो, आणि तसा तो असंख्य साइटवर आहेच. तुमचा परिच्छेद झेल्याने आंबा उतरवणाऱ्या घरातूनच येऊ शकतो. वाचणाऱ्याला ते कळतं. एक शब्द बदलू नका. फक्त तीन फोटो जोडा: आला तेव्हाचा हिरवा, अर्धवट रंगलेला, आणि सुरकुतलेला. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. 'चौदा आणे', म्हणजे सोळापैकी चौदा भाग तयार, हे शहरातल्या नव्या पिढीला कळणार नाही, त्यावर एक वेगळं पान होईल आणि ते आवडीने वाचलं जाईल.

यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याबद्दल कुणी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. कुणी लिहिलं यापेक्षा वाचणाऱ्याच्या कामाचं आहे का, हे बघतो, असं गूगलचं २०२३ मधलं अधिकृत म्हणणं. पण मार्च २०२४ पासून नुसती क्रमवारी वाढवण्यासाठी ढिगाने पाडलेला मजकूर, मग तो माणसाचा असो की यंत्राचा, स्पॅम धरला जातो. महिन्याला आठ ब्लॉग हा त्याच वाटेवरचा प्रकार आहे. तुम्ही पावसात चार लेख लिहा, सहा लिहा, पण असे लिहा.

दराचं म्हणाल तर एकच पान ठेवा आणि त्याचा पत्ता कधीही बदलू नका. पत्त्यात वर्ष घालू नका. बरेच जण दरवर्षी नवं पान काढतात, मग जुनं पान गूगलमध्ये वर आणि नवं खाली, आणि गिऱ्हाईक गेल्या वर्षीचा दर धरून भांडतं. त्याच पानावर वर ठळक लिहा, 'आजचा दर, अमुक तारखेपासून'. खाली साधा तक्ता: फळाचं वजन, पेटीत किती डझन, दर. दर बदलला की फोनवरून दोन मिनिटांत बदलता येतो. हंगाम संपला की पान बंद करू नका. 'यंदाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा' असं लिहा आणि फक्त नाव, फोन आणि शहर एवढाच फॉर्म ठेवा.

मुद्रितशोधक

मराठीचं मी बोलते, कारण यात फार हेळसांड होते आणि वाईट वाटतं.

जुनी पत्रकं, माहितीपुस्तिका तुमच्याकडे असतील तर ती बहुधा श्रीलिपी किंवा शिवाजी फॉण्टमध्ये टंकलेली असतील. तो मजकूर तसाच साइटवर चिकटवला तर भलतीच अक्षरं दिसतात. काही जण त्यावर उपाय म्हणून मजकुराचं चित्र करून लावतात. मग दिसतं मराठी, पण शोधणाऱ्या यंत्रापर्यंत त्यातला मजकूर धड पोचत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनलाही ते वाचून दाखवता येत नाही. सगळं युनिकोडमध्येच हवं, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर मराठी मराठीच दिसते.

फॉण्ट मुक्ता किंवा बलू घ्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे, मुक्त परवान्याचे, फुकट. लेखांच्या मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी'ही सुंदर आहे, त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात. इतर काही फॉण्टांत हिंदी वळणाचे दिसतात, पण फॉण्टमध्ये सोय असेल तर पानाच्या सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवल्यावर तेही सुधारतं. ती नोंद तशीही कराच.

डिझायनरला दोन गोष्टी बजावून सांगा. अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडायची नाही, इंग्रजी शीर्षकांना छान दिसते म्हणून करतात आणि आपली शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

भाषा कुठली, तर दोन्ही. पण मराठीचं यांत्रिक भाषांतर करून इंग्रजी पान करू नका. निम्मीच पानं इंग्रजीत झाली तरी हरकत नाही, पण ती नीट लिहिलेली असू द्या.

पिक्सेलपंत

यात भर. बरेच मराठी लोक रोमन लिपीत शोधतात, 'हापूस आंबा प्राइस' असं इंग्रजी अक्षरांत. ते गिऱ्हाईक इंग्रजी पान पकडेल. पानाचा पत्ता मात्र दोन्ही भाषांत रोमन लिपीत, छोटा ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना पुष्कळदा प्रत्येक अक्षराची नऊ चिन्हं होतात आणि टक्क्यांच्या खुणांची ओळच्या ओळ तयार होते. लोकांना तो व्हायरस वाटतो, कुणी दाबत नाही.

तुमचा प्रसार व्हॉट्सॲपवरूनच होणार, म्हणून लिंक पाठवल्यावर जे छोटं चित्र आणि दोन ओळी दिसतात त्या प्रत्येक पानाला नेमून घ्या. आणि प्रत्येक लेखाच्या खाली व्हॉट्सॲपचं बटण, त्यात संदेश आधीच लिहिलेला: 'नमस्कार, मला पेटीची चौकशी करायची आहे'. दाबणाऱ्याला टाइप करावं लागत नाही.

हिशेबनीस

व्यवसायाने सीए आहे. थोडक्यात लिहितो.

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणीही लागत नाही. आमरसाचे डबे, आंबापोळी विकायला लागलात की चित्र बदलतं, तेव्हा तुमच्या सल्लागाराला विचारा. खाद्यपदार्थ ऑनलाइन विकताय म्हणून एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) काय लागेल ते आधी करून घ्या आणि क्रमांक साइटवर दाखवा.

ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून आहेत. विक्रेत्याचं नाव, पूर्ण पत्ता, ग्राहकांसाठी फोन आणि ईमेल, तक्रार कुणाकडे करायची, माल खराब निघाला तर परतावा कसा, हे साइटवर असलंच पाहिजे. पेमेंट गेटवेवालेही मंजुरी देताना हीच पानं तपासतात. गेटवे साधारण दोन टक्के घेतो, अधिक त्यावर कर. दरात धरून चाला.

फॉर्ममधून लोकांचे फोन नंबर घेणार आहात. ते कशासाठी घेताय हे तिथेच एका ओळीत लिहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तसंही ते सभ्यपणाचं आहे.

कलमबाग

परताव्याचं कसं लिहावं? साका बाहेरून दिसतच नाही. फळ कापल्यावरच कळतं. पूर्ण पेटीचे पैसे परत करणं आम्हाला परवडणार नाही.

मालवणी_न्याहारी

ताई, जे फोनवर करता तेच लिहा. तुम्ही आत्ता काय करता?

कलमबाग

कापलेल्या फळाचा फोटो मागवतो आणि तेवढ्या फळांचे पैसे पुढच्या पेटीत वळते करतो किंवा परत पाठवतो. आजवर कुणी कुरकुर केली नाही.

हिशेबनीस

उत्तम. हेच चार ओळींत लिहा. किती दिवसांत फोटो पाठवायचा आणि पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे दोन आकडे घाला. मुद्दा संपला.

कट्टेकरी

आणि साक्यावर लेख लिहाच. विक्रेते हा विषय टाळतात, म्हणूनच तुम्ही लिहिलंत तर विश्वास बसेल. तोडलेलं फळ तापलेल्या जमिनीवर उन्हात पडून राहिलं की साक्याचं प्रमाण वाढतं. तुम्ही तोड किती वाजता करता, फळं सावलीत कुठे ठेवता, ते फोटोसकट दाखवा. तसंच कार्बाइडचं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, हे लोकांना ऐकून माहीत असतं, पण त्याला पर्याय म्हणून तुम्ही काय करता हे कुणी सांगत नाही.

'कर्नाटकचा तर नाही ना' या प्रश्नाला उत्तर देताना एक विनंती. तिकडच्या शेतकऱ्याला नावं ठेवू नका, त्याचाही तो आंबाच आहे, फसवणूक करतो तो मधला विक्रेता. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. बागायतदाराला त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. तुमची असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लावा, नसेल तर आत्ताच अर्ज करा. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर क्रमांकाचं स्टिकर आणलं, गिऱ्हाईक तो क्रमांक पाठवून खातरजमा करू शकतं. ओळख पटवायला लोक किती आतुर आहेत ते यावरून दिसतं. तुमच्या पानावर बागेचं ठिकाण नकाशावर द्या आणि 'हंगामात येऊन बघा' असं लिहा.

कलमबाग

मानांकनाची नोंदणी आमची आहे! प्रमाणपत्र कपाटात पडून आहे. ते साइटवर लावायचं डोक्यातच आलं नव्हतं.

रीलवाली

ताई, कपाटातून काढा आणि त्याचीही एक रील करा. आणि गूगल मॅपवरच्या अभिप्रायांचं कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. पेटी पोचल्यावर आठवड्याने, आंबे पिकून खाऊन झाल्यावर, लिंक पाठवून अभिप्राय मागा. पेटी पोचल्या दिवशी मागू नका, तेव्हा आंबे हिरवे असतात. बदल्यात सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि वाईट अभिप्राय आला तर त्याला सगळ्यांसमोर, शांतपणे, काय केलं ते सांगून उत्तर द्या.

सिएटलकर

मी तरी विकत घेण्याआधी वाईट अभिप्रायांची उत्तरंच वाचतो.

कलमबाग

आमचं ठरलं ते असं. वर्डप्रेसवर साधी साइट, रत्नागिरीतलाच एक मुलगा बांधून देतोय, एजन्सीच्या रकमेच्या बऱ्याच कमीत. पहिल्या वर्षी पेमेंट गेटवे नाही, यूपीआय आणि व्हॉट्सॲप. परदेशातल्या मागण्या वाढल्या तर पुढच्या वर्षी गेटवे. लेख मी लिहिणार, अढी, साका, चौदा आणे, आणि पेटीतल्या फळांच्या आकाराचा. साक्याचा सासरे सांगणार आणि मी उतरवून घेणार, त्यांच्याएवढं त्यातलं आम्हाला कळत नाही. गणपतीपर्यंत चारही लेख साइटवर जातील.

एक शेवटचं विचारते. लोक खरंच येतायत की नाही, हे बघायचं कुठे?

पिक्सेलपंत

गूगल सर्च कन्सोल. फुकट आहे. साइट सुरू झाली त्याच दिवशी तुमच्या खात्याने नोंदणी करा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) सादर करा, त्या मुलाला दहा मिनिटं लागतील. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले, ते तिथे बरंचसं दिसतं. महिन्यातून एकदा ती यादी वाचा. त्यात एखादा प्रश्न असा दिसेल की ज्याचं उत्तर साइटवर नाही. पुढचा लेख त्यावर लिहा.

आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा. आपोआप नूतनीकरण चालू केलं असेल तर कार्डाची मुदत कधी संपते तेही बघा.